फेटलरचा फॅलारोप अरबी समुद्रात येतो का?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांपैकी फेटलर या छोट्या बेटावर लाल मानेचे फॅलारोप दर उन्हाळ्यात वीण करतात. ब्रिटनमध्ये या पक्ष्याची वीण म्हणजे मुख्यतः फेटलरच, आणि अंड्यांवर बसणारे नर मोजले तर आकडा डझनांत सांगावा लागतो, शेकड्यांत नाही. ऑगस्ट सरता सरता बेटावर एकही उरत नाही. पुढचे नऊ-दहा महिने ते कुठे काढतात, याला कित्येक दशकं एकच उत्तर मिळायचं: अरबी समुद्रात. म्हणजे आपल्याच दारात. 2012 साली पक्ष्यांच्या पाठीवर बसवलेल्या 0.6 ग्रॅमच्या यंत्रांपैकी एकाने ते उत्तर खोडून काढलं. मुळात ते उत्तर आलं कुठून, ते तपासलं कसं, तपासताना घसरायला कुठे जागा होती, आणि मग कोकणापलीकडच्या पाण्यावर हिवाळ्यात तरंगणारे फॅलारोप नेमके कुठले, हे या प्रकरणाचे प्रश्न.

पक्षी आणि त्याची उलटी रीत

लांबी 18-19 सेंमी आणि वजन साधारण 35 ग्रॅम. तुतवारांच्या कुळातला असूनही हा पक्षी चिखलात कमी आणि पाण्यावर जास्त असतो. बोटांच्या कडांना वल्ह्याचं काम करणाऱ्या चपट्या झालरी असतात आणि पोटाच्या दाट पिसांत हवा अडकते, म्हणून तो पाण्यावर उंच तरंगतो. एका जागी गरगर फिरणं ही त्याची खूण. साधारण सेकंदाला एक गिरकी घेत तो पाय मारतो. त्यामुळे वरचं पाणी बाजूला सरतं, खालचं वर ओढलं जातं आणि त्याबरोबर कोपेपॉडसारखे बारीक प्लवक जीव चोचीच्या टप्प्यात येतात. टिपलेला जीव पाण्याच्या थेंबात असतो. चोच किंचित उघड-मीट करत राहिली की तो थेंब पृष्ठताणामुळे आपोआप टोकाकडून घशाकडे सरकतो. चोचीला तेलाचा पातळ थर लागला तर हे सरकणं बिघडतं. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर डांबरगोळे येतात तेव्हा त्याकडे पर्यटनाचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं. या पक्ष्याच्या दृष्टीने तो जेवणाचा प्रश्न आहे.

विणीच्या काळात मादी नरापेक्षा मोठी आणि रंगाने उठावदार असते. मानेवरचा विटकरी पट्टा तिचा गडद, नराचा फिका. नरासाठी माद्याच आपसांत भांडतात. चार अंडी घातली की मादीचं काम संपतं. जमलं तर ती दुसऱ्या नराशी जोडी जमवते, नाहीतर निघून जाते. साधारण 17 ते 21 दिवस अंडी उबवणं आणि नंतर सुमारे तीन आठवडे पिल्लांच्या मागे राहणं हे नराकडे. पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःच किडे टिपतात. बाप त्यांना भरवत नाही, थंडी-पावसात पंखाखाली घेतो आणि धोका दिसला की इशारा देतो.

ही रीत पुढच्या सगळ्या कामाला लागू पडते. पक्षी मोजायचा कसा, पकडायचा कुठे आणि यंत्र कोणावर बसवायचं, तिन्ही गोष्टी त्यावरूनच ठरतात.

जुनं उत्तर आलं कुठून

ओमान आणि येमेनच्या किनाऱ्यापलीकडे हिवाळ्यात फॅलारोपांचे मोठाले थवे असतात, हे जहाजांवरच्या नोंदींमुळे जुनंच ठाऊक होतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत तळचं थंड, पोषक पाणी वर येतं. पुढे हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग गार होऊन पाणी पुन्हा ढवळतं. दोन्ही वेळा प्लवक माजतात, आणि फॅलारोपाला तेच हवं असतं. स्कँडिनेव्हिया आणि रशियाचे पक्षी कॅस्पियन व काळ्या समुद्राच्या बाजूने दक्षिणेला उतरताना दिसत होतेच. फेटलरपासून नॉर्वे जवळ, म्हणून फेटलरचे पक्षीही याच वाटेने जात असणार असं धरलं गेलं.

तर्क वाईट नव्हता. पण त्यातला एकही दुवा प्रत्यक्ष पक्ष्याच्या पुराव्यावर उभा नव्हता. विणीच्या जागी पक्षी दिसतात आणि हिवाळ्यात समुद्रावर त्याच जातीचे पक्षी दिसतात, एवढ्यावरून दोन्हीकडचे पक्षी तेच आहेत असं ठरत नाही. हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही, तरी नकाशावर बाण काढताना भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो.

पायात कडी घालून हा प्रश्न का सुटला नाही, याचं कारण साधं आहे. कडी घातलेला पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागावा लागतो किंवा त्याची कडी दुरून वाचता यावी लागते. फॅलारोपाचा हिवाळा किनाऱ्यापासून दूर समुद्रात जातो, तिथे त्याला पकडणारं कोणी नाही, आणि पोहताना त्याचे पाय पाण्याखाली असतात. लाटेवर बसलेल्या पक्ष्याची कडी मोठ्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. मेला तर समुद्रातच मरतो. बदकं किंवा किनाऱ्यावरचे तुतवार यांच्या बाबतीत कामाला येणारी पद्धत इथे जवळपास निरुपयोगी ठरते.

फेटलरवरचं काम

बेटावरची ठिकाणं म्हणजे फंझी तळ्याच्या आसपासची दलदल: पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, ओली जमीन, त्यात उथळ डबकी, काठाला लव्हाळं आणि बॉगबीन ही दलदलीतली वनस्पती. घरटं म्हणजे गवताच्या ठोंबात केलेला खळगा, आत थोडं सुकं गवत. वर गवताची पाती ओढून घेतलेली असतात, त्यामुळे दोन पावलांवरूनही दिसत नाही. पाणी आणि गवत यांचं प्रमाण बिघडलं की जागा वाया जाते. झाडोरा फार दाटला तर पिल्लांना चालता येत नाही आणि उघडं पाणी उरत नाही, डबकी आटली तर किडे संपतात. म्हणून तिथे चराई आणि पाण्याची पातळी दोन्ही हाताळावी लागतात.

मोजणीतली नेहमीची चूक वेळेची. मे अखेर ते जूनचा पहिला भाग पाहिला तर डबक्यांवर रंगीत माद्या दिसतात. त्यांचा आकडा म्हणजे विणीचा आकडा नव्हे, कारण त्या फिरत्या असतात आणि एकीचे दोन नर असू शकतात. जूनच्या मध्याला तळं रिकामं वाटतं. तेव्हा नर अंड्यांवर असतात आणि माद्या निघायला लागलेल्या असतात. एखाद्याने त्याच आठवड्यात फेरी मारली तर यंदा पक्षीच आले नाहीत असं लिहून मोकळा होईल. खरी मोजणी नरांची करायची. अंड्यांवरून उठून चरायला आलेला नर घाईत खातो आणि एका ठरावीक दिशेला उडून गवतात उतरतो. दुरून बसून ती उतरायची जागा दोन-तीनदा टिपायची. पुढे जुलैत काठावर सतत इशारा देत उडणारा नर दिसला की पिल्लं निघाली असं धरायचं. ब्रिटिश कायद्यानुसार 1981 पासून या पक्ष्याला विणीच्या काळात विशेष संरक्षण आहे. घरट्याजवळ मुद्दाम व्यत्यय आणायला परवाना लागतो, म्हणून हौशी निरीक्षकाने रस्त्यावरून किंवा निरीक्षणगृहातूनच पाहायचं.

2012 मध्ये पक्षीसंवर्धन करणारी आरएसपीबी, स्विस पक्षीशास्त्र संस्था आणि शेटलंडचा कडी घालणारा गट यांनी मिळून फेटलरवरच्या दहा फॅलारोपांवर जिओलोकेटर, म्हणजे उजेडाच्या नोंदीवरून जागा काढता येईल अशी बारीक यंत्रं, बसवले. अशा कामात नर सोयीचा असतो. तो घरट्याला बांधलेला असतो म्हणून सापडतो, आणि पुढच्या वर्षी त्याच दलदलीत परतण्याची शक्यता मादीपेक्षा त्याची जास्त. परतणं इथे कळीचं आहे, कारण हे यंत्र काहीच प्रक्षेपित करत नाही. पक्षी पुन्हा पकडून यंत्र काढलं तरच माहिती हाती येते.

वजनाचा हिशेब असा: 35 ग्रॅमच्या पक्ष्यावर 0.6 ग्रॅम म्हणजे 1.7 टक्के. शरीराच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत राहायचं हा रूढ दंडक, तो पाळला जातो. उपग्रहाशी बोलणारी यंत्रं त्या काळी या आकाराच्या पक्ष्याला परवडणारी नव्हती. लहान पाणपक्ष्यांवर असं यंत्र बसवायची सर्रास पद्धत म्हणजे दोन्ही मांड्यांभोवती पट्ट्याचे फास घेऊन ते कंबरेवर टेकवणं. फास सैल राहिला तर यंत्र घसरतं किंवा पाय अडकतो. घट्ट झाला तर स्थलांतराआधी पक्षी चरबी धरतो तेव्हा कातडीला काचतो. म्हणून फासाचं माप पक्षी हातात असतानाच्या वजनावर ठरवून चालत नाही, लठ्ठ झालेल्या पक्ष्याचा विचार करूनच ते घ्यावं लागतं.

उजेडावरून जागा कशी काढतात

जिओलोकेटर दोनच गोष्टी साठवतो: वेळ आणि उजेड. त्यातून रोजचा सूर्योदय आणि सूर्यास्त मिळतो. दोन्हींचा मध्य म्हणजे पक्षी जिथे आहे तिथली मध्यान्ह, आणि त्यावरून रेखांश. उदय ते अस्त हे दिनमान, त्यावरून अक्षांश. पंचांग वाचणाऱ्याला यात नवीन काही नाही, गणित फक्त उलटं करायचं.

रेखांशाचा हिशेब सरळ आहे: 4 मिनिटांना 1 अंश. यंत्राचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर. पक्षी ओमानच्या पलीकडे 62 अंश पूर्वेला असेल तर त्याची मध्यान्ह ग्रिनिचच्या सकाळी 7:52 च्या सुमाराला पडेल. तोच पक्षी इक्वेडोरच्या पलीकडे 86 अंश पश्चिमेला असेल तर ती संध्याकाळी 5:44 च्या सुमाराला पडेल. वर्षभरात सूर्यघडी आणि हातघड्याळ यांच्यात 16 मिनिटांपर्यंत फरक पडतो, तो दुरुस्त करायचा. पण इथे प्रश्न दहा तासांच्या फरकाचा होता. ढग, गवताची सावली, घड्याळाची थोडी चाल, सगळं धरलं तरी अरबी समुद्र आणि प्रशांत महासागर यांची गल्लत होणं शक्य नव्हतं. एका पक्ष्याच्या पुराव्यावर एवढा जुना समज मोडता आला तो यामुळे.

अक्षांश मात्र नाठाळ. संपाताच्या आसपास पृथ्वीवर सगळीकडे दिनमान जवळपास सारखंच, म्हणून मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीला आधीचे-नंतरचे कित्येक दिवस अक्षांश काढताच येत नाही. नेमका हाच स्थलांतराचा काळ. दुसरी अडचण विषुववृत्ताची. डिसेंबरच्या अखेरीला 60 अंश उत्तरेला एक अंश सरकलं तर दिनमान सुमारे 20 मिनिटांनी बदलतं, विषुववृत्तावर तोच एक अंश जेमतेम साडेतीन मिनिटांचा. म्हणजे पहाटेच्या ढगाने सूर्योदय सात मिनिटं उशिरा नोंदला गेला तर पक्षी नकाशावर दोन अंश, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर, भलतीकडे जातो. त्यामुळे हिवाळ्यातल्या जागा ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा फसवा असतो, डागासारखा पसरट पट्टाच प्रामाणिक. फॅलारोपाच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची: समुद्रावर त्याच्या डोक्यावर झाड नसतं. रानात राहणाऱ्या पक्ष्यांच्या यंत्रात सावलीचा जो गोंधळ होतो, तो इथे कमी.

फेटलरवर मात्र वेगळीच पंचाईत. हे बेट 60.6 अंश उत्तरेला. जूनच्या मध्याला तिथे दिवस सुमारे 19 तासांचा, आणि मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम 6 अंश जातो. शेटलंडचे लोक या संधिप्रकाशाला ‘सिमर डिम’ म्हणतात. त्यात भर म्हणजे लव्हाळ्यात घरट्यावर बसलेल्या नराचं यंत्र भर दिवसा अंधार नोंदवू शकतं. म्हणून यंत्र बसवण्याआधी ते माहीत असलेल्या जागी उघड्यावर काही दिवस ठेवून उजेडाची कोणती पातळी उदय-अस्त म्हणून धरायची ते पारखून घेतात. हे पारखणं चुकलं तर पुढचं सगळं वर्ष एकाच दिशेला सरकतं.

निघालेली वाट

दहांपैकी एक पक्षी पुढच्या वसंतात फेटलरवर परत पकडता आला. त्याच्या यंत्रातली वाट अशी: शेटलंडहून पश्चिमेला, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या बाजूने अटलांटिक ओलांडून, उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली, कॅरिबियन आणि मेक्सिको पार करून प्रशांत महासागरात. हिवाळा गेला तो गॅलापागोस बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा यांच्यामधल्या पाण्यात, इक्वेडोर-पेरूच्या पलीकडे. जाऊन-येऊन सुमारे 25,000 किलोमीटर. 2014 च्या जानेवारीत हे जाहीर झालं तेव्हा युरोपात वीण करणारा पक्षी प्रशांत महासागरात हिवाळा काढतो, हे नोंदवल्याचं पहिलंच उदाहरण म्हणून त्याची चर्चा झाली.

आता नकाशा पाहिला तर त्यात विपरीत काही वाटत नाही. फेटलर ही नॉर्वेच्या पक्ष्यांची पश्चिमेकडची शेवटची वसाहत नसून आइसलंड-ग्रीनलंडच्या पक्ष्यांची पूर्वेकडची शेवटची वसाहत असावी, असं मानलं की वाट सरळ होते.

एक जुनं कोडंही या निमित्ताने पुन्हा उघडलं. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर, बे ऑफ फंडीच्या तोंडाशी, शरद ऋतूत लाल मानेचे फॅलारोप लाखोंनी थांबत. 1980 च्या दशकात काही वर्षांतच ते तिथून जवळजवळ नाहीसे झाले. कोणी म्हणालं तिथले कोपेपॉड कमी झाले, कोणी म्हणालं पक्ष्यांनी थांबा बदलला. हे पक्षी पुढे कुठे जातात तेच पक्कं ठाऊक नसल्यामुळे हिवाळ्यातलं कारण शोधणं अवघड होतं. फेटलरच्या पक्ष्याने अटलांटिक ते प्रशांत हा दुवा दाखवल्यावर 1982-83 च्या जबर एल निनोकडे बोट दाखवता आलं. एल निनोच्या वर्षी पेरूच्या किनाऱ्याला तळचं पाणी वर येणं मंदावतं आणि अन्नसाखळी कोलमडते. हे अजून गृहीतकच आहे, पण निदान तपासण्याजोगं आहे.

एका पक्ष्यावरून अख्ख्या वसाहतीबद्दल बोलणं धाडसाचंच. उरलेले नऊ मेले असं नाही. कोणी दुसऱ्या दलदलीत उतरला असेल, कोणाचं यंत्र गळून पडलं असेल, कोणी दिसूनही जाळ्यात आला नसेल. पुराव्याची भर नंतर पडली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रीनलंड, आइसलंड, शेटलंड, स्कँडिनेव्हिया आणि रशिया इथल्या पक्ष्यांच्या वाटा एकत्र मांडल्या आणि मधोमध फूट स्पष्ट दिसली. पश्चिमेकडचे पक्षी सुमारे 10,000 किलोमीटर जाऊन पूर्व प्रशांतात पोहोचतात. स्कँडिनेव्हिया-रशियाचे सुमारे 6,000 किलोमीटर जाऊन अरबी समुद्रात. शेटलंड आणि नॉर्वे यांच्यामध्ये उणेपुरे काहीशे किलोमीटर पाणी, पण दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा हिवाळा पृथ्वीच्या दोन बाजूंना.

मग कोकणापलीकडचे कोण?

आपल्या पाण्यात दिसणारे फॅलारोप त्या पूर्वेकडच्या वाटेचे मानायला आधार आहे, फेटलरचे मानायला नाही. तरीही एखाद्या दिसलेल्या थव्यापुढे ‘फिनलंडचे’ असं लिहायचं नाही. मूळ गाव हा नोंदीचा रकाना नव्हे.

पाहायला जायचं तर पावसाळा सरल्यावर ते एप्रिलपर्यंत. किनाऱ्यालगतचं गढूळ, हिरवट पाणी संपून निळं पाणी लागेपर्यंत फारसं हाती लागत नाही. दोन प्रवाह भेटतात तिथे फेसाची लांब रेघ दिसते, तिच्यात समुद्री गवत, माकुलाची हाडं आणि दुर्दैवाने थर्माकोल गोळा होतो. फॅलारोप त्या रेघेवर किंवा तेलकट दिसणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यांवर बसतात. तांडेलांना या रेघा पक्क्या ठाऊक असतात, कारण मासेही तिथेच. पक्ष्याचं नाव विचारण्यापेक्षा ‘पाण्यावर बसणारी, गिरक्या घेणारी बारकी पांढरी पाखरं कुठे असतात’ असं विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. सकाळी वारा उठायच्या आत पोहोचावं. पाण्यावर पांढरे तुरे फुटू लागले की दोनशे मीटरवरचा थवाही लाटांच्या मागे गडप होतो. हलत्या होडीवर 10 पट दुर्बिणीपेक्षा 8 पट बरी. इंजिन मंद ठेवून रेघेला समांतर जायचं, थव्यावर नाळ रोखायची नाही. उडवलेला थवा परत बसतो तो दृष्टीच्या पल्याड.

हिवाळी पिसाऱ्यात लाल काही नसतं. पांढरं अंग, पाठीवर राखाडी-पांढऱ्या रेघा, डोळ्यामागे काळा डाग, सुईसारखी बारीक काळी चोच. उडताना गडद पंखावर ठळक पांढरा पट्टा. गोंधळ होतो तो राखी फॅलारोपाशी. तो भारतात दुर्मीळ, चोच जाड, पाठ एकसारखी फिकी राखाडी. पाठीच्या रंगावर विसंबू नये, दुपारच्या चकाकीत सगळेच फिके दिसतात. चोचीचा आडवा फोटो हवा. पंखावर पांढरा पट्टाच नसेल तर विल्सनच्या फॅलारोपाची शक्यता तपासावी, पण तो दावा फोटोशिवाय करू नये. हिवाळ्यात नर-मादी ओळखता येत नाहीत, तो रकाना रिकामा ठेवावा. एप्रिलमध्ये मानेवर लाली चढू लागते तेव्हाच त्याबद्दल काही लिहिता येतं.

थवा मोजताना निम्मे पक्षी लाटेच्या खोलगटात असतात. तीनदा मोजून सर्वांत कमी खात्रीचा आकडा आणि सर्वांत जास्त अंदाज असे दोन्ही लिहावेत. वेळ, फोनवरचे अक्षांश-रेखांश, होडीवर यंत्र असेल तर खोली, पाण्याचा रंग, फेसाची रेघ होती की नव्हती, पक्षी गिरक्या घेत होते की सरळ पोहत टिपत होते, हे लिहावं. काहीही दिसलं नाही त्या तासांचीही नोंद हवी, नाहीतर पुढे कोणाला घनता काढता येणार नाही.

वादळी वाऱ्याने ढकललेला एखादा फॅलारोप मिठागरात किंवा आतल्या तळ्यात उतरतो, कधी थकून वाळूवर पडलेला सापडतो. समुद्रावर जे दिसत नाही ते इथे दिसतं: पाय. दोन्ही पाय नीट पाहावेत, कडी असेल तर चारी बाजूंनी फोटो घेऊन सगळी अक्षरं-आकडे टिपावेत. कंबरेवर बारीक यंत्र दिसलं आणि पक्षी जिवंत असेल तर ते ओढू-कापू नये. फोटो काढून वनविभागाला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. पक्षी मेलेला असेल तर यंत्रासकट कोरड्या कागदी पिशवीत ठेवावा, वर तारीख, वेळ आणि जागा लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो लगेच कुजतो.